क्लच न दाबता गिअर: रोडकिंगचा कॅम आणि ड्यूकचा क्विकशिफ्टर

येझदी रोडकिंग या जुन्या मोटरसायकलच्या डाव्या बाजूला एकच दांडा असतो आणि तो तीन कामे करतो. आत दाबून उभा केला की तो किक होतो आणि पुन्हा खाली आणून सोडला की गिअरचा दांडा होतो. ही दोन कामे त्या गाडीवर बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असतात, पण तिसरे बाहेरून दिसत नाही. पायाने दांडा वर किंवा खाली सरकवू लागताच, गिअर प्रत्यक्ष बदलण्याच्या क्षणभर आधी, इंजिनच्या आत क्लच सुटतो, म्हणजे इंजिन आणि चाक यांची जोड तुटते, आणि हँडलवरच्या लिव्हरला बोट न लावता गिअर पडतो. मी घेतलेल्या रोडकिंगमध्ये हे तिसरे काम बंद होते. ते पुन्हा चालू करून घेणे, त्याची सवय करून घेणे आणि त्यानंतर भाच्याच्या नव्या गाडीवर क्लच न दाबता गिअर बदलण्याची अगदी वेगळी पद्धत शिकणे, असा जो क्रम गेल्या काही महिन्यांत घडला, तो येथे मांडतो आहे. वरवर सारख्या दिसणाऱ्या या दोन पद्धती यंत्र म्हणून एकमेकींहून पुरत्या वेगळ्या आहेत आणि चालवणाऱ्याच्या उजव्या मनगटाकडून त्या नेमकी उलटी अपेक्षा ठेवतात, हे मला दोन्ही गाड्या आलटून पालटून चालवल्याशिवाय कळले नसते.

ही यंत्रणा मूळची येझदीची नव्हे. चेकोस्लोव्हाकियातल्या जावा कंपनीने १९४०च्या दशकात आपल्या २५० सीसी मोटरसायकलीवर ती आणली. १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात त्या गाड्या तयार होऊ लागल्या, १९७३ पासून त्यांच्या टाकीवर येझदी हे नाव आले आणि १९७८ मध्ये आलेल्या रोडकिंगपर्यंत हा कल्पक दांडा आपल्या तिन्ही कामांसह पोहोचला. माझी गाडी सातारा जिल्ह्यातल्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतलेली आहे. इंजिन ठीक होते, दोन्ही सायलेन्सर मूळचे होते आणि हाताचा क्लच व्यवस्थित काम करत होता. नुसत्या पायाने गिअर टाकून पाहिला की मात्र आतून असा करकर आवाज येई, की पुन्हा प्रयत्न करावासा वाटत नसे.

पुण्यात जुन्या जावा-येझदी दुरुस्त करणारे जे मोजके जुने कारागीर उरले आहेत, त्यांपैकी एकांकडे मी गाडी नेली. आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणतो. त्यांनी गाडी स्टँडवर लावली, हाताने दांडा थोडा वर-खाली केला आणि क्लचच्या लिव्हरकडे पाहत सांगितले, “साहेब, हिचा ऑटो काढून टाकलाय. लिव्हर ढिला पडत नाहीये, बघा.” ऑटो म्हणजे पायाच्या दांड्याने आपोआप सुटणारा क्लच. मी विचारले, “चाचा, चांगली सोय होती ती, कोणी कशाला काढेल?” त्यावर ते हसले. “लोक दांड्यावर पाय ठेवूनच गाडी चालवायचे. पायाच्या वजनाने क्लच अर्धा सुटायचा, प्लेटा घासायच्या, जळायच्या. मग मालक म्हणायचा, काढा ते.”

या तक्रारीला परदेशातही जोड आहे. ब्रिटनमध्ये ट्रायम्फने १९५८ च्या मॉडेलपासून आपल्या ट्विन गाड्यांवर स्लिकशिफ्ट नावाने असाच, पायाच्या दांड्याने क्लच सोडणारा जोड दिला होता. तिथल्या कित्येक चालकांनी तो काढून टाकला आणि काही वर्षांतच कंपनीनेही तो बंद केला. ज्याने आयुष्यभर हाताने क्लच दाबला आहे, त्याच्या पायाला दांड्यावर विसावण्याची सवय असते आणि तोपर्यंत त्या सवयीने काही बिघडलेले नसते. यंत्रात खोट नसतानाही ते नापसंत ठरू शकते, याचे हे चांगले उदाहरण आहे, आणि चाचांच्या गॅरेजमध्ये काय घडत असे याचा त्यातून अंदाज येतो.

सुटा भाग मिळेपर्यंत गाडी तशीच चालवायची होती, म्हणून मधल्या काळात मी कोणत्याही खास यंत्रणेशिवाय क्लच न दाबता गिअर बदलण्याची जुनी रीत करून पाहिली. ती समजून घेतल्याशिवाय पुढचे काहीच नीट समजत नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. मोटरसायकलच्या गिअरबॉक्समध्ये गिअरच्या चक्रांचे दात सहसा एकमेकांत कायम गुंतलेले असतात. गिअर बदलताना एक चक्र शाफ्टवर बाजूला सरकते आणि त्याच्या कडेचे चौकोनी उंचवटे, ज्यांना डॉग म्हणतात, शेजारच्या चक्राच्या खाचांत शिरतात. इंजिन गाडीला ढकलत असते तेव्हा हे डॉग खाचेच्या एका भिंतीवर घट्ट दाबलेले असतात, आणि थ्रॉटल (उजव्या मुठीतला अ‍ॅक्सिलरेटर) मिटल्यावर गाडी इंजिनला ओढू लागली की ते समोरच्या भिंतीवर तितकेच घट्ट बसतात. दोन्ही अवस्थांत पायाने कितीही जोर लावला तरी चक्र सहजासहजी जागचे हलत नाही, कारण ताणलेल्या दोराची गाठ सुटत नसते. परंतु एका अवस्थेतून दुसरीत जाताना मध्ये एक अगदी लहान क्षण असा येतो, की डॉगवर कोणत्याच बाजूने भार नसतो. त्या क्षणी पाय दांड्यावर आधीपासूनच हलका दाब देऊन तयार असेल, तर आधीचा गिअर सुटतो आणि पुढचा आवाज न करता पडतो.

म्हणजे क्लचचे गिअर बदलतानाचे काम मुख्यतः डॉगवरचा भार उतरवण्याचे असते. गाडी जागेवरून हलवताना त्याला याहून मोठे काम असते. तिथे फिरते इंजिन आणि थांबलेले चाक यांची हळूहळू गाठ घालून द्यावी लागते आणि थ्रॉटलच्या कोणत्याही युक्तीने ते साधत नाही. एकदा गाडी चालू लागली की भार उतरवण्याचे काम मनगटही करू शकते. हडपसरहून सासवडकडे जाताना, दिवे घाट चढण्याआधीच्या सरळ रस्त्यावर, मी तिसऱ्यातून चौथा गिअर असा टाकून पाहिला. पायाने दांड्याला अंदाज येईल इतका दाब दिला, थ्रॉटल झटकन किंचित मिटवून पुन्हा उघडला आणि त्या दोहोंच्या मध्ये चौथा पडला. वरच्या गिअरांत हे सोपे जाते, कारण त्यांच्या वेगांतले अंतर कमी असते. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना इंजिनचा वेग बराच उतरावा लागतो, त्यामुळे तिथे घाई केली की धक्का बसतो. खाली उतरताना उलट, इंजिनचा वेग वाढवून घ्यावा लागतो. थ्रॉटलला एक लहानसा झटका देऊन, त्याच क्षणी दांडा दाबण्याची ही कसरत गजबजलेल्या रस्त्यावर करण्याची नाही, आणि रोजच्या वापरासाठी मी कोणालाही ती सुचवणार नाही. तरी यंत्राच्या आत काय घडते हे पायाच्या तळव्याला कळावे, एवढ्यासाठी ती एकदा करून पाहण्याजोगी आहे.

नाना पेठेतल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत चौकशी करत, शेवटी एका विक्रेत्याकडे कॅम, म्हणजे दांड्याच्या हालचालीने क्लच सोडणारा भाग, हव्या त्या जातीचे दोन जुने मिळाले आणि आम्ही इंजिनच्या बाजूचे झाकण उघडले. जुन्या गाडीवरचे हे काम वाचायला सोपे वाटते, पण झाकणाचे चपट्या खाचेचे स्क्रू वर्षानुवर्षांच्या पेचकसाखाली घासून गेलेले होते आणि ते सोडवण्यातच अर्धा दिवस गेला. चाचा इम्पॅक्ट ड्रायव्हरवर, म्हणजे हातोडीच्या घावाने स्क्रू फिरवणाऱ्या पेचकसावर, हातोडी मारण्याआधी प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एक हलकी थाप देत होते. त्याने गंजलेला पीळ आधी हादरतो, असे त्यांचे म्हणणे, आणि खरोखरच एकही स्क्रू तुटला नाही.

आतली रचना पाहून मी थक्क झालो, कारण तिच्यात जवळजवळ काहीच नाही. गिअरच्या शाफ्टबरोबर फिरणारा एक पोलादी कॅम आहे. त्याच्या कडेला मधोमध एक खळगा आहे आणि खळग्याच्या दोन्ही बाजूंना चढ आहेत. क्लच सोडणारा जो आर्म हँडलवरच्या केबलने ओढला जातो, त्याच आर्मला रोलर लावून तो या खळग्यात बसवलेला असतो. दांडा वर नेला काय किंवा खाली दाबला काय, रोलर कोणत्या ना कोणत्या चढावर चढतो, आर्म ढकलला जातो आणि क्लचच्या प्लेट्स सैल होतात. दांड्याचा प्रवास असा बेतलेला असतो, की त्याच्या पहिल्या भागात क्लच सुटतो आणि उरलेल्या भागात गिअर सरकतो. दांडा दाबून धरला तोवर क्लच सुटलेला राहतो, पाय उचलला की तो पुन्हा पकडतो. स्प्रिंग आणि लोखंड यांपलीकडे यात काही नाही. माझ्या गाडीतला रोलर आणि त्याची पिन काढून टाकलेली होती, आणि जागेवर उरलेल्या कॅमचे चढ झिजून बोथट झालेले होते.

विकत आणलेले दोन कॅम आणि जुना कॅम चाचांनी काचेच्या तुकड्यावर एकावर एक ठेवून पाहिले. त्यांपैकी एकाची उंची जुन्यापेक्षा स्पष्टपणे जास्त होती, दुसऱ्याची जेमतेम. झिजलेला चढ वेल्डिंगने भरून घासून घ्यावा, असे मी सुचवून पाहिले, पण त्यांनी ते मानले नाही. कॅमचा पृष्ठभाग कारखान्यात कठीण केलेला असतो, भरलेले लोखंड मऊ राहते आणि रोलर त्यावर थोड्याच दिवसांत स्वतःची चाकोरी पाडतो, असा त्यांचा अनुभव होता. रोलरची पिन लेथवर करून घेतली, रोलर जुनाच पण गोल आणि अखंड असा मिळाला. क्लचच्या प्लेट्स तपासल्या, त्यांतल्या दोन बदलल्या आणि प्रेशर प्लेटच्या सगळ्या स्प्रिंग सारख्या उंचीच्या आहेत की नाहीत हे पट्टी लावून पाहिले. एखादी स्प्रिंग बसकी असेल तर प्लेट तिरपी उचलली जाते. हाताच्या क्लचमध्ये ते खपून जाते, पायाच्या क्लचमध्ये खपत नाही.

ते का खपत नाही, हाच या सगळ्या दुरुस्तीचा गाभा होता. हाताने क्लच दाबताना लिव्हर आणखी थोडा ओढता येतो आणि यंत्रणेत ढिलाई असेल तर हात ती न कळत भरून काढतो. कॅमची उंची मात्र ठरलेली असते. चढाच्या माथ्यापर्यंत रोलर जेवढा उचलला जाईल तेवढाच क्लच सुटेल, एक केसभरही जास्त नाही. आर्म आणि त्याने ढकलायचा भाग यांच्यात जेवढी मोकळी फट असेल, ती या ठरलेल्या उंचीतून सरळ वजा होते. म्हणून ही फट फार ठेवली तर हाताचा क्लच उत्तम चालतो आणि पायाने टाकलेला गिअर करकरतो. फट अजिबात ठेवली नाही, तर रोलर खळग्यात पुरता बसतच नाही, प्लेट्स पूर्ण पकडत नाहीत आणि चढावर इंजिन नुसते ओरडते, गाडी वेग घेत नाही. ऑटो काम करत नाही असे म्हणून जो काढून टाकला जाई, त्यातल्या निदान काही गाड्यांत दोष या एका फटीचाच असणार, असे मला आता वाटते.

चाचांचा क्रम ठाम होता: आधी ही फट ठरवणारा इंजिनजवळचा स्क्रू, मग केबल. अनेक ठिकाणी नेमके उलटे केले जाते. प्लेट्स झिजून क्लचचा लिव्हर बिघडला, की केबलचा अ‍ॅडजस्टर फिरवून काम भागवतात, कारण त्यासाठी गाडीजवळ खाली बसावे लागत नाही. त्याने हात सुखावतो, पण कॅमच्या बाजूची फट आहे तशीच राहते. आम्ही केबल पूर्ण सैल सोडली, स्क्रू हलकेच टेकेपर्यंत आत नेला, तिथून किंचित मागे घेऊन नट आवळला, आणि मगच केबल अशी ताणली की लिव्हरच्या टोकाशी दोन-तीन मिलिमीटरचा मोकळेपणा राहील. नट आवळताना स्क्रू सोबत फिरू नये म्हणून एका हाताने पेचकस धरून ठेवावा लागतो. हे तिघांच्या गर्दीत करण्याचे काम नाही, तरी तिथे नेहमीप्रमाणे चार जण वाकून पाहत होतेच.

झाकण लावण्याआधीची परीक्षा मला फार आवडली. गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन बंद, गिअर पडलेला. मागचे चाक हाताने फिरवायला गेले तर ते अडते, कारण ते इंजिनशी जोडलेले असते. आता दुसऱ्याने पायाचा दांडा अगदी सावकाश दाबत न्यायचा. गिअर सरकण्याआधीच एका टप्प्यावर चाक मोकळे फिरू लागले पाहिजे. चाक मोकळे होते आणि त्यानंतर गिअर सुटल्याची टिचकी ऐकू येते, हा क्रम बरोबर. दोन्ही एकदम झाले किंवा टिचकी आधी आली, तर फट अजून जास्त आहे. बाहेरून पाहण्याची खूण याहून सोपी आहे आणि चाचांनी पहिल्याच दिवशी तीच पाहिली होती: पायाने दांडा दाबला की आर्म कॅमने ढकलला जातो, त्यामुळे केबलवरचा ताण जातो आणि हँडलवरचा क्लचचा लिव्हर हाताला एकदम ढिला लागतो. जुनी जावा किंवा येझदी विकत घेणाऱ्याने गाडी पाहायला गेल्यावर एवढे तपासले, तरी आतली अर्धी गोष्ट कळते.

यंत्र तयार झाले, आता चालवणाऱ्याची पाळी होती. गाडी जागेवरून काढताना मी हाताचाच क्लच घेतो. पहिला गिअर टाकून पाय सावकाश उचलत गाडी काढता येते, पण पायाच्या घोट्याला बोटांइतकी नजाकत नसते आणि बहुधा गाडी हिसका देऊन निघते. चालत्या गाडीत वरचा गिअर टाकताना थ्रॉटल आणि पाय यांची वेळ जुळवावी लागते. दांडा हलताच क्लच सुटतो, आणि त्या वेळी थ्रॉटल उघडा असेल तर भार गेलेले इंजिन क्षणात किंचाळत वर जाते. म्हणून थ्रॉटल मिटवणे आणि दांडा उचलणे एकाच वेळी, नंतर पाय मोकळा करणे आणि थ्रॉटल उघडणे एकाच वेळी. पाय सोडताना तो झटकन उचलण्याचा मोह आवरावा लागतो, कारण पाय ज्या वेगाने सुटेल त्या वेगाने क्लच पकडतो.

खालचा गिअर टाकण्याची रीत तर या यंत्रणेतली सगळ्यांत सुंदर गोष्ट आहे. दांडा दाबून तसाच धरून ठेवायचा, क्लच सुटलेला असताना थ्रॉटलला लहानसा झटका देऊन इंजिनचा वेग वाढवायचा, आणि मग पाय हळूच सोडायचा. टू-स्ट्रोक इंजिन थ्रॉटल मिटवल्यावर फारसे अडवत नाही, त्यामुळे हे साधले की गिअर बदलल्याचे मागे बसलेल्यालाही कळत नाही. दिवे घाट उतरताना मी ही युक्ती आणखी एका कारणासाठी वापरतो. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून चालणाऱ्या या इंजिनाला वंगण पेट्रोलबरोबरच मिळते, आणि लांब उतारावर थ्रॉटल मिटून इंजिन चाकांच्या जोराने फिरत राहिले तर ते कमी पडू शकते. गिअर बदलताना मधूनच दिलेला हा झटका तेवढे ऑइल आत पाठवतो. पाय कुठे ठेवायचा, ही सवय मात्र नव्याने लावावी लागली. गिअर टाकून झाला की बूट दांड्यापासून पूर्ण बाजूला फूटरेस्टवर आला पाहिजे, नाहीतर चाचांनी सांगितलेल्या जळक्या प्लेटांचा इतिहास पुन्हा घडेल. शहरातल्या खोळंबलेल्या वाहतुकीत डाव्या हाताला मिळणारी विश्रांती हा या पद्धतीचा खरा फायदा आहे. वेगाच्या दृष्टीने तिचा काही उपयोग नाही.

याच विचाराचा पुढचा टप्पा आपल्याकडे हिरो होंडाच्या स्ट्रीट या गाडीतून १९९७ मध्ये आला होता. तिचा वारसा १९५८ च्या होंडा सुपर कबचा. त्यात इंजिनचा वेग वाढला की वजनांच्या जोराने आपोआप पकडणारा सेंट्रिफ्युगल क्लच असतो आणि गिअरचा दांडा दाबला की क्लच सुटतो, त्यामुळे हँडलवर क्लचचा लिव्हरच लागत नाही. एका मित्राकडे ती अजून चालू स्थितीत आहे आणि मी ती चालवून पाहिली. रोडकिंगमध्ये जागेवरून निघताना हाताला जे करावे लागते, तेही तिने काढून घेतले आहे. चालवायला अत्यंत सोपी आणि, माझ्या मते, म्हणूनच थोडी निरस.

भाचा पुण्यातच असतो आणि त्याच्याकडे केटीएम ३९० ड्यूक आहे, जी चाकणच्या बजाजच्या कारखान्यात तयार होते. तिला क्विकशिफ्टर, म्हणजे क्लच न दाबता गिअर बदलू देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा आहे, आणि ती वर आणि खाली दोन्ही दिशांना काम करते. माझे रोडकिंगचे कौतुक ऐकून तो म्हणाला, “मामा, एकदा ही चालव. थ्रॉटल सोडू नकोस फक्त.” मुळशीच्या पुढे ताम्हिणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, सकाळी वाहने नसताना, मी ती घेतली.

थ्रॉटल सोडू नकोस, हे त्याचे वाक्य म्हणजे या यंत्रणेचे संपूर्ण मर्म आहे. इथे क्लच सुटतच नाही. गिअरच्या दांड्याच्या जोडणीवर एक सेन्सर असतो, त्याला पायाचा दाब जाणवला की इंजिनचा संगणक सेकंदाच्या काही शतांश भागापुरता इंजिनचा जोर तोडतो, डॉगवरचा भार जातो आणि आधीच दाब देत असलेला पाय पुढचा गिअर टाकून मोकळा होतो. मी सासवडच्या रस्त्यावर मनगटाने जो क्षण शोधत होतो, तोच क्षण इथे यंत्र नेमका तयार करून देते. खाली उतरताना ते उलट करते. थ्रॉटलची फडी तारेने ओढली जात नसून मोटरने हलते, त्यामुळे संगणक स्वतःच ती किंचित उघडून इंजिनचा वेग वाढवतो आणि खालचा गिअर बसू देतो. चालवणाऱ्याने मनगट हलवायचे नाही.

सुरुवातीला माझे मनगट ऐकत नव्हते. रोडकिंगने लावलेल्या शिस्तीप्रमाणे पाय हलला की ते आपोआप मिटू पाही, आणि मिटत्या थ्रॉटलवर वरचा गिअर टाकला की ड्यूक तो धक्क्याने घेत असे, कारण तेव्हा डॉग विरुद्ध भिंतीवर दाबलेले असतात आणि इंजिनचा जोर तोडून त्यांच्यावरचा भार कमी होत नाही. थ्रॉटल स्थिर उघडा ठेवून, इंजिन मध्यम किंवा वरच्या वेगात असताना, दांड्याला एकच ठाम टोला द्यायचा, हे जमले तेव्हा गिअर असे पडत गेले की आवाजात फक्त एक खंड जाणवत होता. टोला अर्धवट दिला तर दोन गिअरांच्या मधल्या खोट्या न्यूट्रलमध्ये अडकण्याची शक्यता राहते, म्हणून इथे पायाने ठाम असावे लागते. रोडकिंगमध्ये मऊपणा पायात लागतो आणि चपळाई मनगटात, तर ड्यूकमध्ये पाय चपळ आणि मनगट निश्चल. कमी वेगात, पौडच्या बाजारपेठेतून जाताना, क्विकशिफ्टरने टाकलेले गिअर खडबडीत लागले आणि मी मुकाट्याने हाताचा क्लच घेतला. भाचाही गावातून जाताना तेच करतो. ही यंत्रणा शर्यतीच्या मैदानावरून आलेली आहे आणि भार असलेल्या इंजिनावरच ती खुलते. डाव्या हाताची विश्रांती हा तिचा हेतू कधीच नव्हता.

अलीकडे या दोन धारा एकत्र आणणारी एक रचनाही चालवायला मिळाली. होंडाने २०२३ च्या अखेरीस जाहीर केलेला ई-क्लच २०२५ मध्ये भारतात सीबी६५०आर या गाडीवर आला, आणि शोरूमने दिलेल्या छोट्या फेरीत मी तो पाहिला. त्यात हँडलवर क्लचचा लिव्हर नेहमीसारखा असतो, गिअर पायानेच टाकायचे असतात, पण इंजिनच्या बाजूला बसवलेल्या दोन छोट्या मोटरी क्लच सोडतात आणि पकडतात. थांबताना, निघताना, गिअर बदलताना हात लावावा लागत नाही, आणि मनात आले तर लिव्हर दाबून केव्हाही सूत्रे आपल्याकडे घेता येतात. गाडीचे वजन या रचनेने सुमारे दोन किलोंनी वाढते. रोडकिंगच्या झाकणाखाली डोकावून आल्यावर मला यात एक जुनी ओळख पटली. क्लच सोडण्याच्या एकाच व्यवस्थेला दोन वाटांनी हात घालायचा, एक वाट चालकाच्या लिव्हरची आणि दुसरी यंत्राची, ही मांडणी जावाच्या कॅमची आहे. फरक इतकाच, की कॅमला फक्त दांडा हलल्याचे कळते, तर मोटरींना इंजिनचा वेग, चाकाचा वेग, थ्रॉटल आणि गिअर या सगळ्यांची खबर असते, आणि म्हणून जागेवरून गाडी काढण्याचे जे नाजूक काम माझ्या घोट्याला जमत नाही, ते त्यांना जमते.

रोडकिंग मधल्या काळात चांगली चालली आहे. नव्या प्लेट्स बसल्यावर फट थोडी बदलली, ती चाचांनी पुन्हा लावून दिली. भाच्याच्या डोक्यात आता नवे खूळ आहे. “मामा, जुन्या गाड्यांना बसणारे क्विकशिफ्टरचे किट मिळतात. इग्निशन तोडायचे तर आहे, बसवू या की,” असे त्याने सुचवले, आणि आम्ही दोघांनी चाचांच्या समोर बसून त्याचा विचारही केला. इग्निशन, म्हणजे इंजिनातली ठिणगी, क्षणभर तोडता येईल, सेन्सर दांड्यावर लावताही येईल, पण दांडा हलताच कॅम क्लच सोडून टाकणार, डॉगवर भारच उरणार नाही, आणि मग तोडायचे काय? किट उपयोगी पडायचे तर आधी रोलर काढावा लागेल. चाचांनी भाच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, “बेटा, तो रोलर मिळवायला तुझ्या मामाने सगळी नाना पेठ पालथी घातलीये.”